सायलेन्सर फोडण्याआधी चेनचे दात बघ

वारज्याहून एका तरुण वाचकाचं पत्र आलं आहे. ते थोडक्यात असं:

'काका, मी सोसायट्यांच्या आणि बंगल्यांच्या आवारात फांद्या उतरवायची, पडलेल्या झाडांचे ओंडके करायची कामं घेतो. माझं पेट्रोलवरचं चेन सॉ मशीन ५८ सीसीचं आहे, चेन जिच्यावर फिरते ती पट्टी, म्हणजे बार, २२ इंची. नवं होतं तेव्हा लोण्यासारखं कापायचं. आता रेनट्री आणि बाभळीत दम तोडतं, काप एका बाजूला सरकतो, भुसा पिठासारखा पडतो आणि कापताना धूर येतो. माझा एक मित्र बुलेट मॉडिफाय करतो. तो म्हणतो, सायलेन्सर फोडू, कार्बोरेटर थोडा टाइट करू, चेन फिरवणारी गरारी आठ दातांची बसवू आणि पुढचा ब्रेकचा हँडगार्ड काढून टाकू, म्हणजे मशीन हलकं होईल आणि दिसेलही भारी. मला ते मॅट काळ्या रंगात करायचं आहे. भोसरीत एक जण पोर्टिंगही करून देतो म्हणे. हे सगळं करू का? सुरुवात कुठून करू?'

आधी थेट उत्तर देतो. ज्या मशीनवर पोट आहे ते उघडून बघायची, आपल्या हाताला बसेल असं करून घ्यायची तुझी हौस मला मनापासून आवडली. बदल जरूर कर. मात्र मित्राने सुचवलेल्या चार गोष्टींपैकी दोन कधीच करू नकोस, गरारी तुझ्या कामाला उपयोगाची नाही, आणि सायलेन्सरचं काम करता येईल, पण ते सगळ्यात शेवटी.

तुझ्या मशीनची खरी तक्रार तूच लिहिली आहेस. भुसा पिठासारखा पडतो आणि धूर येतो, याचा अर्थ चेन बोथट झाली आहे. धारदार चेन लाकडाचे जाडसर छिलके काढते. बोथट चेन लाकूड घासते, मग आपण मशीन वरून दाबतो, इंजिन दबतं आणि आपल्याला वाटतं की ताकद कमी पडली. काप एका बाजूला सरकतो त्याचं कारण बहुधा असं, की डावीकडचे आणि उजवीकडचे दात सारखे राहिलेले नाहीत. उजव्या हाताच्या माणसाकडून कानस मारताना एक बाजू नेहमी जास्त खाल्ली जाते. सायलेन्सर कितीही मोकळा केलास तरी ही चेन तिरकीच जाणार.

चेन सॉच्या इतिहासातला सगळ्यात मोठा बदल इंजिनात झालेला नाही, दातात झाला आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या जंगलात जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या काम करायचा. त्या काळच्या चेनचे दात हातकरवतीसारखे सरळ टोकदार असायचे, सतत कानस मागायचे. १९४६ साली त्याने एका ओंडक्यात लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची अळी बघितली. ती आपल्या दोन जबड्यांनी डावी-उजवीकडे खात लाकडाच्या रेषेतून आणि रेषेला आडवी, दोन्हीकडे सहज पुढे जात होती. त्याने त्या जबड्यांसारखे वळलेले, आलटून पालटून डावे-उजवे असे दात केले आणि १९४७ मध्ये ती चेन विकायला काढली. आज तुझ्या बारवर फिरते ती चेन त्याच घडणीची आहे. तेव्हा पहिला खर्च इथे कर.

बारच्या बुडाशी चेनचं पिच आणि गेज, म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची जाडी, कोरलेलं असतं, ते वाच. तुझ्या वर्गातल्या मशीनवर बहुतेकदा .३२५ इंच पिच असतं. कोरलेलं पुसलं असेल तर लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधलं अंतर मोजून निम्मं कर, ते पिच. .३२५ असेल तर गोल कानस ४.८ मिलिमीटरची लागते. रविवार पेठेत बोहरी आळीत हार्डवेअरची दुकानं आहेत, तिथे चौकशी कर. मात्र कानशीबरोबर कोन दाखवणारा गाइड आणि डेप्थ गेज तपासायची पट्टी हे दोन्ही मागून घे. काही शे रुपयांत सगळं काम होतं.

बार व्हाइसमध्ये धर, चेन थोडी ताणून घे. जो दात सगळ्यात झिजला आहे तो शोध आणि बाकीचे सगळे त्याच्या लांबीवर आण. कानस दाताच्या आतून बाहेर ढकलायची, परत आणताना उचलायची, मागेपुढे घासायची नाही. कोन साधारण ३० अंश, आणि कानशीच्या जाडीचा पाचवा भाग दाताच्या वर दिसला पाहिजे. एका बाजूच्या सगळ्या दातांना सारखेच हात मार, मग मशीन फिरवून दुसरी बाजू घे. धारेवर उजेड चमकत असेल तर ती अजून बोथट आहे. नीट लागलेली धार चमकत नाही.

आता डेप्थ गेज. प्रत्येक दाताच्या पुढे एक बुटका उंचवटा असतो. दाताने किती खोल खायचं हे तो ठरवतो. दात घासून घासून बुटका झाला आणि हा उंचवटा तसाच राहिला, तर दाताला लाकूड लागतच नाही. बरेच जण धार लावतात, पण याला हात लावत नाहीत आणि मग चेनच खराब म्हणून फेकून देतात. तीन-चार वेळा धार लावून झाली की पट्टी ठेवून बघ. दात आणि उंचवटा यांत ०.६५ मिलिमीटरच्या आसपास फरक हवा. सपाट कानशीने उतरव आणि त्याची पुढची कड गोलसर ठेव. कोणी म्हणेल, अजून उतरव, जास्त खाईल. ते करू नकोस. चेन लाकडात अडकायला लागते, क्लच जळतो आणि मशीन उसळण्याचा धोका वाढतो. बाभूळ आणि वाळलेलं चिंचेचं लाकूड तर अशा चेनला जागच्या जागी थांबवतं.

यातच एक पोटगोष्ट. रेनट्रीच्या जाड फळ्यांची टेबलं करून घ्यायची पुण्यात हौस आहे, तुझ्याकडेही कधी तरी कोणी ओंडका उभा चिरून मागेल. त्यासाठी एक वेगळी चेन ठेव आणि तिचे दात १० अंशांवर लाव. रेषेच्या दिशेने चिरताना हा कोन फळी गुळगुळीत काढतो.

दुसरा बदल बारचा, आणि तो तुला आवडणार नाही, कारण दिसायला मशीन लहान होतं. २२ इंची बार काढून १६ किंवा १८ इंची लाव. ५८ सीसीच्या साध्या मशीनला २२ इंच ओढता येतात, पण कठीण लाकडात बार पूर्ण बुडाला की एकाच वेळी फार दात लाकडात असतात आणि प्रत्येक दाताच्या वाट्याला ताकद कमी येते. बार लहान केला की तेच इंजिन जोरात वाटतं, वजन पुढे ओढत नाही, आणि टोक कुठे आहे यावर लक्ष राहतं. फांद्यांच्या कामात तुला १६ इंचांपेक्षा जास्त लागतंच कितीदा? २२ इंची जपून ठेव, मोठ्या बुंध्याला काढ. नवा बार घेताना गेज आणि बुडाचा आकार जुळतो का बघ, आणि चेन घेताना खालच्या ड्राइव्ह लिंक, म्हणजे बारच्या खाचेत फिरणाऱ्या कड्या, मोजून सांग. नुसतं 'सोळा इंची द्या' म्हटलं की चुकीची चेन घरी येते.

बारला चेन ऑइलच दे. गॅरेजमधलं जुनं काळं ऑइल घालायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. त्यात धातूचा कण असतो, तो बारची खाच खातो, आणि ते सगळं ज्या बागेत तू काम करतोस तिथल्या मातीत गळतं. ऑइल येतंय का हे बघायला बारचं टोक एखाद्या पुठ्ठ्यासमोर, न टेकवता धरून रेस दे. पुठ्ठ्यावर ऑइलची रेघ उमटली पाहिजे.

आठ दातांच्या गरारीचा हिशोब साधा आहे. सातच्या जागी आठ दात म्हणजे चेनचा वेग साधारण १४ टक्क्यांनी वाढतो आणि ओढ त्याच प्रमाणात घटते. मऊ लाकूड, लहान बार आणि मोठं इंजिन असेल तिथे ती शोभते. तुझ्या बाभळीत नाही.

इंजिनाकडे येण्याआधी पेट्रोल. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. चेन सॉ बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांची पुस्तिका चाळलीस तर जागोजाग १० टक्क्यांची मर्यादा दिसेल. तुझ्या मशीनच्या पुस्तिकेत काय आहे ते आजच बघ. इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, त्यामुळे कार्बोरेटरचा स्क्रू न हलवताही मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. आपल्या पावसाळ्यात अर्धा भरलेला कॅन महिनाभर पडून राहिला तर पाणी आणि इथेनॉल तळाशी बसू शकतं, आणि इंधन ओढणारा फिल्टर नेमका टाकीच्या तळाशी असतो. वंगणासाठी पेट्रोलात मिसळलेलं टूटी ऑइल मात्र वर पेट्रोलात राहतं. म्हणजे इंजिन विनाऑइलचं चालतं. म्हणून आठवड्याला लागेल तेवढंच मिश्रण कर आणि मशीन काही दिवस बंद राहणार असेल तर टाकी रिकामी करून, उरलेलं जाळून ठेव. प्रमाण पुस्तिकेतलंच ठेव. ५०:१ लिहिलं असेल तर लिटरला २० मिलिलिटर ऑइल, २५:१ असेल तर ४०. मापाने घाल, झाकणाने अंदाजे नको.

आता सायलेन्सर आणि कार्बोरेटर. ही जोडी आहे, एकाला हात लावला की दुसऱ्याला लावावाच लागतो, आणि तुझ्या मित्राच्या सल्ल्यात नेमकी इथेच मोठी चूक आहे.

कारखान्याचा सायलेन्सर आवाज आणि धूर दाबण्यासाठी मुद्दाम अरुंद ठेवलेला असतो. बाहेर पडायची वाट मोकळी केली की जळलेला वायू लवकर निघतो, ताजं मिश्रण जास्त भरतं, आणि ताकद वाढते. हे खरं आहे. पण इंजिनात हवा जास्त यायला लागली की तिच्या जोडीला इंधनही जास्त द्यावं लागतं. त्यासाठी कार्बोरेटरवरचा एच लिहिलेला स्क्रू थोडा बाहेर, म्हणजे सैल करावा लागतो. तुझा मित्र नेमकं उलटं सांगतो आहे. स्क्रू टाइट केला की इंधन कमी होतं. मशीन किंचाळायला लागतं, रेस चढते, आणि त्या आवाजाने चालवणाऱ्याला वाटतं, काय जोर आला! टू-स्ट्रोक इंजिनात वंगण पेट्रोलबरोबरच येतं, हे विसरू नकोस. इंधन घटलं की वंगणही घटलं. उष्णता वाढते, ॲल्युमिनियमचा पिस्टन फुगतो आणि सिलिंडरला चिकटतो. एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे पडलेले असे पिस्टन मी पुष्कळ बघितले आहेत. सायलेन्सर मोकळा, स्क्रू टाइट आणि वर २० टक्के इथेनॉल, ही तिन्ही कारणं मिश्रण पातळ करणारी आहेत. तुझं मशीन एक पूर्ण ओंडकाही निभावेल की नाही, शंका आहे.

तरीही करायचंच असेल तर असं कर. सायलेन्सर मशीनवरून उतरवून मगच भोक पाड. त्या वेळी एक्झॉस्टच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंब, धातूचा एक कणही आत जाता कामा नये. नवं भोक मूळ भोकाएवढंच पुरे. दोन्ही मिळून सिलिंडरच्या एक्झॉस्ट पोर्टपेक्षा लहानच राहायला हवीत. वायूचा झोत हातावर, टाकीवर किंवा प्लास्टिकवर येणार नाही अशी दिशा ठेव. आणि ठिणगी अडवणारी जाळी काढू नकोस, नव्या भोकालाही जाळी लाव. फेब्रुवारीपासून आपल्या टेकड्यांवरचं गवत किती वाळलेलं असतं ते तुला वेगळं सांगायला नको.

मग ट्यूनिंग. एअर फिल्टर धुवून वाळवलेला, चेन धारदार, इंजिन गरम. मोकळ्या जागी मशीन नीट धरून काही सेकंदच पूर्ण रेस दे. लाकडाबाहेर पूर्ण रेसवर आवाज किंचित भरड, फडफडता यायला हवा. लाकडात घातलं की तीच फडफड नाहीशी होऊन आवाज साफ झाला पाहिजे. बाहेरच साफ, तीक्ष्ण आवाज येत असेल तर मिश्रण पातळ आहे, एच स्क्रू थोडा सैल कर. हा कान तयार व्हायला वेळ लागतो. तोवर सहज मिळणारा छोटा टॅकोमीटर वापर आणि पुस्तिकेतल्या कमाल आरपीएमच्या थोडं खालीच राहा. मंद रेसवर चेन फिरता कामा नये, फिरत असेल तर आयडलचा स्क्रू उतरव. ताम्हिणी उतरून कोकणात कामाला गेलास तर तिथली हवा पुण्यापेक्षा दाट असते, मिश्रण आणखी थोडं पातळ होतं. तिथे पहिल्या ओंडक्यालाच कान देऊन ऐक.

आवाजाचंही सांगतो. चेन सॉ मुळातच ११० डेसिबलच्या घरात असतं. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या मानकाप्रमाणे ११० डेसिबलला उघड्या कानाने दिवसाला जेमतेम दीड मिनिट राहावं. तू तर तास तास राहतोस. आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. तुझी सगळी कामं सोसायट्यांत. जे सेक्रेटरी काका तुला दरवर्षी बोलावतात, तेच मशीनच्या आवाजावरून दुसऱ्याला बोलावतील. म्हणून माझं मत असं, की धार, लहान बार आणि ताजं पेट्रोल एवढं झाल्यावर महिनाभर काम करून बघ. सायलेन्सरला हात लावायची गरज तुला बहुधा वाटणारच नाही. कानावर इअरमफ मात्र आजपासून चढव.

ब्रेकचं. इथे मी तुला घरातल्या पोराला सांगावं तसं सांगतो आहे. पुढचा तो हँडगार्ड म्हणजे चेन ब्रेकचा दांडा. बारच्या टोकाचा वरचा पाव भाग कशाला टेकला, तर चेन लाकडात शिरण्याऐवजी मशीनलाच मागे आणि वर फेकते, सरळ मान आणि चेहऱ्याच्या दिशेने. हे इतक्या झटकन होतं की माणसाला हात आवरायला वेळ मिळत नाही. तेव्हा मनगट त्या दांड्यावर आपटतं किंवा झटक्यानेच ब्रेक लागतो आणि चेन थांबते. तो काढून वाचणारं वजन काही ग्रॅमचं आहे. फांद्यांच्या गर्दीत काम करणाऱ्याच्या बारचं टोक कुठे ना कुठे लागतंच, म्हणून हा दांडा सगळ्यात जास्त तुलाच हवा. तुटलेली चेन अडवणारा खालचा कॅचर, थ्रॉटलचा लॉक आणि हँडलचे रबर बुश यांनाही हात लावू नकोस. रबर काढून घट्ट बोल्ट मारले की पकड 'सॉलिड' वाटते, पण रोजच्या कंपनाने पुढे बोटं पांढरी पडतात, बधिर होतात. ते नुकसान भरून येत नाही. हलकं मशीन हवं असेल तर झाडावर चढून कापायला ५८ सीसीचं नेऊच नकोस. बारा इंची बारचं लहान मशीन घे, आणि झाडावरही दोन्ही हातांनीच धर.

पोर्टिंग नको. सिलिंडरची भोकं घासून वायू आत-बाहेर जायची वेळ बदलणं हे बारीक मापांचं काम आहे, आणि स्वस्त मशीनच्या सिलिंडरवर त्याचा खर्च वसूल होत नाही. परदेशात लाकूडतोडीच्या स्पर्धा होतात, टिंबरस्पोर्ट्स म्हणतात. त्यात हॉट सॉ नावाच्या प्रकारात ३५० सीसीपर्यंतची बदललेली इंजिनं घेऊन माणसं उतरतात, पण ती काही सेकंदांत तीन चकत्या काढण्यासाठी. दिवसभर राबण्यासाठी नाही. त्याच स्पर्धेत दुसरा प्रकार असा आहे, की सगळ्यांना एकाच मॉडेलचं, काहीही न बदललेलं मशीन देतात. तिथे जिंकतो तो हात.

एक पद्धत मात्र त्या लोकांकडून घे. एका वेळी एकच बदल कर. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून एकाच ओंडक्याचे तुकडे आण, मोबाइलवर वेळ लाव, बदलाआधी तीन काप आणि नंतर तीन काप घे. आवाजावर भरवसा ठेवू नकोस, घड्याळावर ठेव.

उरलं रूप, आणि तिथे मी पूर्णपणे तुझ्या बाजूने आहे. फक्त मॅट काळा नको. पालापाचोळ्यात ठेवलेलं काळं मशीन दिसत नाही, कोणीतरी त्यावर पाय देतं. कंपन्या नारिंगी, लाल, पिवळे रंग देतात, ते लांबूनही दिसतात. वरचं कव्हर आणि स्टार्टरचं कव्हर भडक ठेव, काळा नुसता पट्ट्यांत वापर. बारच्या बुडाशी लाकडाला टेकवायचा जो दातेरी पंजा असतो, त्याच्या जागी भोसरीत लेझरवर कापून घेतलेला जाड पोलादी पंजा बसव. तो दिसतोही दमदार आणि मोठ्या बुंध्यात टेकूही चांगला देतो. बारवर तुझ्या नावाची नक्षी कोरून घ्यायला हरकत नाही, खाचेला धक्का लावू नकोस म्हणजे झालं. सिलिंडरच्या पंखांवर रंग नको, उष्णता कोंडते. स्टार्टरच्या जाळीवर स्टिकर नको, थंड हवा तिथूनच आत जाते. हँडलवर चकचकीत लॅकर नको, घामाने हात सुटतो.

रंगाआधी प्लास्टिक साबणाने धुऊन ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घास, प्लास्टिक प्रायमर मार, मग हार्डनरवाला टू-के रंग आणि वर टू-के क्लिअर. हे उघड्यावर आणि योग्य मास्क लावून कर, किंवा सरळ गाड्या रंगवणाऱ्याकडून करून घे. साधा स्प्रे कॅन वापरलास तर पहिल्यांदा पेट्रोल सांडलं की रंग विरघळून हाताला लागेल. टाकीच्या झाकणाभोवती क्लिअरचा एक थर जास्त दे, सांडतं ते तिथेच.